सत्यभामाबाईच्या वितीचा दोर

आज सकाळपासून उघाड आहे. चार-पाच दिवस झिमझिम चालली होती, ती पहाटे कधीतरी थांबली. आता ऊन असं पडलंय, की कोठ्याच्या कुडातून त्याचे पट्टे आत येऊन बैलांच्या पाठीवर बसलेत. शेणाला आणि भिजल्या कडब्याला वाफ सुटली आहे. वारा नाही. नाल्याकडून बेडकांचा आवाज येतो, तोही दमल्यासारखा. अशा दिवशी माझ्या अंगातला ओलावा हळूहळू उडतो, पीळ सैल पडतो, आणि मला जरा बोलावंसं वाटतं.

मी एक दोर. कोठ्याच्या मधल्या खांबाला बाभळीची खुंटी आहे, तिच्यावर वेटोळं करून मला टांगलेलं आहे. बैल बांधायचं दावं मी नव्हे, विहिरीचा नाडाही नव्हे. माझ्या अंगावर सारख्या अंतरावर गाठी आहेत आणि गाठीगाठीत लुगड्याच्या लाल काठाची चिंधी आहे. नवीन माणूस आला की विचारतो, कोणाचा नवस आहे का हा? नवस नाही बाप्पा. मी साळ, म्हणजे भात, लावायचा दोर आहे.

तुम्ही म्हणाल, मेहकर तालुक्यात कुठली आली साळ? खरं आहे. आमचा मुलूख ज्वारी-कापसाचा. पण गावाच्या खालच्या अंगाला जुनं तळं आहे. त्याच्या पाळीतून पाणी पाझरतं आणि पाळीखालचा तुकडा पावसाळाभर चिबडतो. तिथं ज्वारी पिवळी पडते, कापूस कुजतो. तो तुकडा आमचे मालक इंद्रभान यांच्या वाट्याला आला तेव्हा भाऊबंदांनी त्यांची कीव केली. इंद्रभान म्हणाले, "पाणी आहे ना? मंग पाण्यातलं काही लावू." तेव्हापासून तिथं साळ. घरच्यापुरता तांदूळ, सणाला पाहुण्यांच्या पानात भात, आणि पेंढा गाईला.

माझा जन्म मात्र तिथला नाही. मी वरच्या वावरात, तुरीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जन्मलो. तिथं इंद्रभान दरसाल अंबाडीच्या दोन ओळी टाकत. पाल्याची भाजी व्हायची, बोंडांची चटणी व्हायची, आणि शेवटी आमची साल दोराला यायची. आम्हाला कापून, मोळ्या बांधून नाल्याच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवलं. त्या दिवसांत त्या वाटेनं जाणारी माणसं नाकाला धोतराचा सोगा लावून जायची. आम्ही सडत होतो, त्याला काय करणार? मग इंद्रभानांची बायको सत्यभामाबाई आल्या. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी आम्हाला सोललं, आपटून आपटून धुतलं, आणि धुऱ्यावरच्या बोरीवर वाळत घातलं. मी उन्हात पांढराशुभ्र झालो. इंद्रभानांनी मांडीवर पीळ देत देत मला वळलं. सावकाश वळलं. त्यांचं सगळंच सावकाश. बायको म्हणायची, "उद्धवच्या बापाले पानी मांगा, तं नदीचं नाव पुसून मंग उठतेत." ते हसायचे नुसते.

माझ्याबरोबर वळलेल्या दोरांना लगेच कामं लागली. एक गाईचं दावं झाला, एक विहिरीवर गेला. मी लांब झालो होतो आणि बारीक. बैलाच्या कामाचा नाही, पाण्याच्या कामाचा नाही. मला खुंटीवर टांगलं आणि विसरले. दोन पावसाळे मी तसाच होतो. पण खुंटीवर असलं की कोठ्यात काय बोलणं होतं ते सगळं कळतं. सत्यभामाबाईंचं दुखणं मला असंच कळलं.

आधी त्यांचा मान सांगतो, म्हणजे दुखणं कळेल.

तेव्हा साळ मुठीनं फोकून पेरायची. बी पडेल तिथं उगवायचं, आणि त्याच्याबरोबर तणही. लव्हाळा ओळखू येतो, कोणीही उपटतो. पण सावा म्हणून एक गवत आहे, ते लहानपणी हुबेहूब साळीसारखं दिसतं. तीच उंची, तसंच पान. साळीच्या शेजारी उभं राहून साळीचंच खत-पाणी खातं, आणि लोंबी टाकली की मग कळतं, हा सावा होता. तोवर निम्मं पीक त्यानं दाबून टाकलेलं असतं. निंदायला आलेल्या बाया ओणव्या होऊन एकमेकींना विचारत, "हे काय व, साळ का सावा?" आणि मग हाक जायची, "उद्धवची माय, पाह्य वं जरा!" सत्यभामाबाई लांबूनच सांगायच्या, "सावा हाय तो. त्याच्या पानाची मधली शीर पांढरी दिसते ना? उपट." त्यांना वाकावंसुद्धा लागायचं नाही. साऱ्या गावात साव्याला त्यांच्यासारखं ओळखणारं कोणी नव्हतं. दुसऱ्याच्या वावरात निंदण असलं तरी त्यांना बोलावणं यायचं, आणि त्या पदर खोचून पुढं व्हायच्या. बाईमाणसाला असा मान दुसरा कुठं मिळतो?

आणि त्यांच्या डोळ्यांना काही तरी व्हायला लागलं.

त्यांनी कोणाला सांगितलं नाही. निंदताना त्या मागं पडू लागल्या, कारण एकेका पानाची बगल बोटानं चाचपून पाहत. साळीच्या पानाच्या बगलेत बारीकशी जिभली असते, साव्याची बगल कोरी असते. पण चिखलानं आणि घट्ट्यांनी बोटं बधिर झालेली, आणि बाकीच्या बाया पुढं निघून गेलेल्या. मग घाईनं हाताला येईल ते उपटायचं.

एका संध्याकाळी इंद्रभान निंदणाचा भारा घेऊन कोठ्यात आले आणि गाईपुढं टाकला. टाकता टाकता थांबले. एक मूठ उचलून दारातल्या उजेडात धरली. ती साळ होती. भाऱ्यात अर्धी साळ होती.  मग त्यांनी साळीची रोपं भाऱ्याच्या तळाशी सारली आणि वर सावा पसरला. धार काढायला सून येणार होती, तिला दिसू नये म्हणून.

सून म्हणजे प्रेमला. मुलगा उद्धव नांदुऱ्याला जिनिंगवर कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. घरचं-वावरातलं प्रेमलाच करायची. ती चरवी घेऊन आली, गाईजवळ बसली, आणि मान वर न करता म्हणाली,

"मामाजी, राहू द्या. मी दुपारीच पाह्यलं."

इंद्रभानांनी भाऱ्यावरचा हात काढला.

"आजूबाजूच्या बायाइनंही पाह्यलं," प्रेमला म्हणाली. "हासत होत्या."

दुसऱ्या दिवशी तिनं सासूला फार गोड आवाजात सांगितलं, "आत्याबाई, शारदा आता रांगाले लागली, चुलीकडं जाते. तुमी घरी राह्यल्या तं माह्या जिवाले घोर राहणार नाही."

सत्यभामाबाईंना सगळं कळलं. त्या म्हणाल्या, "हाव."

एवढंच. मग त्या कोठ्यात आल्या, आपलं खुरपं धुतलं, पदरानं पुसलं, आणि माझ्या खुंटीच्या वर, कुडाच्या काड्यांत खोचून ठेवलं. त्या दिवसापासून ते खुरपं माझा शेजारी. ते फारसं बोलत नसे. सत्यभामाबाई अधूनमधून नात कडेवर घेऊन यायच्या आणि हात वर करून ते जागेवर आहे का, चाचपून जायच्या. बाकी दिवसभर ओट्यावर बसून असायच्या. जेवायला हाक मारली तर म्हणायच्या, "मी काय काम केलं, का मले भूक लागन?" त्यांना वावरात जायचं होतं. दुसरं काहीही नको होतं.

इंद्रभानांनी त्यांना बुलढाण्याला नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू असता तर काढला असता. हे दुसरं आहे, आतली नस सुकत चालली. आहे तेवढं सांभाळा.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्याच्या शेवटी नवे ग्रामसेवक सायकल हाती धरून आले आणि कोठ्यापुढच्या बाजेवर बसले. शेजारचा दयाराम आला, अजून दोघंतिघं आले. ग्रामसेवक सांगू लागले, की साळ फोकू नका. गादीवाफ्यावर रोप करा, आणि ते रोप रांगेत लावा. दोन रांगांत एक वीत, दोन रोपांत एक वीत.

दयाराम हा मोठा हसरा माणूस. तो म्हणाला, "साहेब, साळ का पंगतीले बसवाची हाय? मंग वाढपीही लागन. बुंदी कोन वाढते?"

सगळे हसले. ग्रामसेवकही हसले. इंद्रभान मात्र जमिनीवर काडीनं रेघा ओढत बसले होते. मग त्यांनी विचारलं,

"साहेब, रांगेच्या मंधात जे उगवन, ते?"

"ते तण," ग्रामसेवक म्हणाले.

"सावा असो का साळ असो?"

"काही का असेना. तुम्ही लावलं तिथं साळ. तुम्ही लावलं नाही तिथं जे दिसेल ते उपटायचं. ओळखत बसायची गरजच नाही, काका."

इंद्रभानांच्या हातातली काडी थांबली. मंडळी उठून गेली तरी ते तिथंच बसून होते. मग कोठ्यात आले, माझ्यावरची जाळी झाडली, आणि मला खाली काढलं. दोन वर्षांनी माणसाचा हात लागला मला.

ओट्यावर सत्यभामाबाई पोरीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. इंद्रभान त्यांच्यापुढं उकिडवे बसले.

"हात दे."

"काऊन?"

"दे ना. वीत पसर."

"काय मोजून राह्यले? बांगड्या आणता का मले या वयात?"

"वीत पसर म्हन्तो ना, उद्धवची माय."

त्यांनी वीत पसरली. इंद्रभानांनी ती माझ्या अंगावर ठेवली, करंगळीशी चिमटीनं धरलं आणि गाठ मारली. मग पुढची वीत, पुढची गाठ. बाईंच्या हातावर निंदून निंदून पडलेले घट्टे मला लागत होते. अंगठा माझ्यावर टेकायचा, बोटं ताणायची, करंगळी टेकायची. असं माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. स्वतःची वीत का घेतली नाही, हे इंद्रभानांनी सांगितलं नाही, आणि सत्यभामाबाईंनी विचारलं नाही. जुनं लुगडं फाडून त्याच्या काठाच्या चिंध्या मात्र त्यांनीच करून दिल्या. "लाल घ्या," म्हणाल्या, "लाल मले अजून दिसते."

लावणीच्या दिवशी मात्र माझी फजिती झाली. ती मी लपवत नाही.

इंद्रभानांनी मला कोरडंच नेलं. या धुऱ्यावर एक खुंटी, त्या धुऱ्यावर एक, मधे मला ताणलं, आणि गाठीगाठीशी रोप लावत प्रेमला आणि दोघी बाया मागं मागं सरू लागल्या. पण मी पडलो अंबाडीचा. पाण्यात गेलो की मी फुगतो, आणि फुगलो की आखडतो. त्यांना वाटलं मी ताठ आहे, आणि मी हळूहळू खुंट्यांना ओढत होतो. एकेका रांगेत गाठी जवळ जवळ येत गेल्या. खुंट्या कलल्या. पाच-सहा रांगा झाल्यावर दयाराम धुऱ्यावर येऊन उभा राहिला, कमरेवर हात ठेवून.

"इंद्रभानभाऊ, हे कोनती पद्धत म्हनाची? तुमची साळ तं दारू पेल्यावानी चालून राह्यली."

बाया हसून हसून चिखलात बसल्या. प्रेमला वैतागली. "मामाजी, मी म्हनत होती, फोकून टाका. आता हे निम्मं वावर वाकडं झालं."

पोरीला घेऊन सत्यभामाबाई धुऱ्यावर बसल्या होत्या. त्यांना रांगा दिसत नव्हत्या, पण बोलणं ऐकू येत होतं. त्या तिथूनच म्हणाल्या,

"दोर भिजवला होता का?"

इंद्रभानांनी माझ्याकडं पाहिलं.

"अंबाडी हाय ते. विहिरीचा नवा नाडा आपन आधी भिजवतो का नाही? भिजू द्या त्याले. आखडाचं तेवढं आखडू द्या, मंग ताना."

मला नेऊन नाल्यात टाकलं. दुपारपर्यंत मी पाण्यात पडून होतो, अंग चोरून जेवढं आखडायचं तेवढं आखडलो. मग मला पुन्हा ताणलं, आणि मी हललो नाही. पुढचं सारं वावर सरळ लागलं. आधीच्या वाकड्या रांगा उपटून नव्यानं लावायला रोप उरलं नव्हतं, म्हणून त्या तशाच राहिल्या. रांगांच्या टोकांना धुऱ्यावर इंद्रभानांनी निंबाच्या काड्या रोवून ठेवल्या आणि प्रेमलाला सांगितलं, या काढू नको.

त्या काड्या कशाला, ते श्रावणात कळलं.

निंदणाच्या पहिल्या दिवशी सकाळी इंद्रभानांनी मला भिजवून खांद्यावर घेतलं, कुडातलं खुरपं काढलं, आणि ओट्यापुढं उभे राहिले.

"चाल."

"कुठी?"

"निंदाले."

सत्यभामाबाईंनी तोंड फिरवलं. "मले नोका नेऊ. मी पुन्हा साळ उपटन. बाया पुन्हा हासतीन."

"पोरीले मी सांभाळतो. चाल तं खरी."

त्या गेल्या. मला वाटतं, खुरप्याचा वास आला म्हणून गेल्या. इंद्रभानांनी सरळ लागलेल्या भागात दोन काड्यांमधे मला ताणलं, आणि बाईंचा डावा हात धरून माझ्यावर ठेवला.

"गाठ लागली का? गाठीपाशी साळ हाय, तिले सोड. गाठीच्या मंधात, आन रांगेच्या दोन्ही अंगाले जे हाताले येईन, ते काढ. काय हाय ते पाहू नोको."

त्या वाकल्या. डाव्या हाताची बोटं माझ्यावरून सरकू लागली. गाठ आली, साळीच्या रोपांचं चूड लागलं, सोडलं. पुढं बोटं सरकली, काही लागलं, उजव्या हातानं खुरपं घातलं, उपटलं. पहिली मूठ त्यांनी मागं केली. 

"पाह्यजा बरं."

इंद्रभानांनी पाहिलं. "सावा."

"सगळा?"

"सगळा सावा हाय. एक लव्हाळा."

त्यांनी दुसरी मूठ मागं केली. "आन हे?"

"सावा."

तिसऱ्या मुठीला त्यांनी विचारलं नाही. त्या पुढं निघाल्या. माझी वीत त्यांची वीत होती, पुढची गाठ कुठं येणार हे त्यांच्या हाताला माझ्याआधी कळायचं. रांग संपेपर्यंत त्यांनी कंबर सरळ केली नाही. बाया बघत होत्या. कोणी हसलं नाही. एकजण फक्त म्हणाली, "माय वं, हे तं आमच्या पुढं गेली!"

मी सुखावलो. मला वाटलं, हे सगळं मीच केलं. दोराला असा गर्व येतो कधी कधी.

दुसऱ्या दिवशी तो उतरला. इंद्रभान बैलाच्या नालासाठी मेहकरला गेले होते. सत्यभामाबाई स्वतःच प्रेमलाला म्हणाल्या, "दोर ताण." सरळ रांगा संपल्या आणि काम वाकड्या भागात आलं. त्यांना ते ठाऊक नव्हतं. प्रेमलाच्याही ध्यानात आलं नाही. तिनं काड्या पाहून मला ताणलं, आणि सत्यभामाबाईंनी गाठ धरली.

गाठीपाशी काही नव्हतं. नुसतं पाणी. आणि गाठीच्या मधे चूड होतं. त्यांनी खुरपं घातलं, आणि निम्मं उपटून थांबल्या. मला त्यांच्या बोटांतलं सगळं कळत होतं. मी ओरडून सांगणार होतो, की ती साळ आहे, चूक माझी आहे, मी आखडलो होतो. पण दोराचं कोण ऐकतं? आणि खरं सांगू, मला तरी काय माहीत होतं? मला फक्त जागा कळते. झाड कळत नाही.

त्यांनी ते चूड पुन्हा चिखलात दाबलं, बोटांनी भोवती माती घट्ट केली. मग उभ्या राहिल्या. आजूबाजूला बाया होत्या. तरी त्या मोठ्यानं म्हणाल्या,

"प्रेमला, इकडं ये माय. मले दिसत नाही."

 इतक्या वर्षांत हे शब्द त्यांनी कोणापुढं उच्चारले नव्हते. नवऱ्यापुढंसुद्धा नाहीत.

प्रेमला चिखल तुडवत आली. जवळ येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आत्याबाई, एक सांगू? मले दिसते, पण उभ्या वावरात ओळखू येत नाही, उपटून हाती आल्यावर कळते. आजवर तुमीच सांगत होत्या ना. तुमी घरी राह्यल्या, तं मी अंदाजानंच उपटत होती. त्या साली माह्याही भाऱ्यात साळ होती."

सत्यभामाबाई तिच्याकडं वळल्या. मग त्यांनी विचारलं, "तुह्या पुढ्यात जे हाय, त्याची मधली शीर कशी हाय?"

"पांढरी."

"पानाच्या बगलेत जिभली?"

प्रेमलानं वाकून पाहिलं. "नाही दिसत."

"दांड्याच्या बुडाशी लाली?"

"हाव! हाय लाली."

"सावा हाय मंग. उपट. आन त्याच्या बाजूचं?"

"याले... याले जिभली हाय. बारीकशी. केसंही हायेत."

"साळ. हात नोको लावू."

अशी ती सारी वाकडी रांग त्या दोघींनी काढली. एक बघत होती, एक सांगत होती. प्रेमला चुकली की सत्यभामाबाई म्हणायच्या, "डोये हायेत का बोरं वं?" आणि प्रेमला हसायची, आणि बाकीच्या बायाही जवळ सरकून ऐकायच्या. त्या दिवशी मी धुऱ्यावर नुसता ताणलेला होतो. माझं कोणाला काम नव्हतं. पण उभ्या जन्मात मला इतकं बरं कधी वाटलं नाही.

पुढं बरीच वर्षं गेली. दर लावणीला मला भिजवून नेत, दर निंदणीला सत्यभामाबाई माझ्यावर हात ठेवून चालत. गावात ज्याच्या ज्याच्या ओलीचा तुकडा होता, तो रांगेत लावू लागला. दयारामही. त्यानं नाल्याच्या अंगाला दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेले तुकडे, केल्या आणि स्वतःचा दोर वळला, पण आधी मला नेऊन माझ्या मापानं गाठी मारल्या. म्हणजे त्याच्या दोरावरही वीत सत्यभामाबाईंचीच आहे.

आता मी थकलो. उंदरांनी दोन ठिकाणी कुरतडलं. बऱ्याच चिंध्या गळून गेल्या. भिजलो की आखडतो, पण वाळलो की पहिल्यासारखा सुटत नाही. सत्यभामाबाईंना आता लालही दिसत नाही. आणि यंदा तर तळ्याची पाळच खचली. पाणी वाहून गेलं, आमच्या तुकड्यात चिखल झाला नाही, साळ लागली नाही. उद्धव येऊन गेला. म्हणाला, "बरं झालं, मायनं आता आराम करावा." खुरपं पुन्हा कुडात गेलं. सत्यभामाबाई पुन्हा ओट्यावर बसल्या, आणि जेवायला हाक मारली की पुन्हा तेच म्हणू लागल्या.

माझी तक्रार नाही. दोराला दोराचं आयुष्य असतं. एवढंच मागणं आहे, की मला चुलीत घालू नका. जनावरामागं बांधलं तरी चालेल, पाखरं हाकायला वावरात ताणलं तरी चालेल. आणि घरात कोणाचे डोळे गेले, तर त्याच्या हाताखाली काही तरी ताणून द्या. मग त्याला म्हणावं, चाल.

हे मी तुम्हाला सांगत होतो, तेवढ्यात बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घाट्या वाजल्या. दयाराम आत आला. केस पिकले, पण पूर्वीसारखाच मोठ्यानं बोलणारा. इंद्रभान गाईचं शेण काढत होते. त्यांना वाटलं, त्याचा दोर तुटला असेल, निंदणीला मागायला आला असेल. त्यांनी काही न विचारता हात धुतले, मला खुंटीवरून काढलं आणि त्याच्यापुढं धरलं.

"ने. जुना झाला, पन भिजवला तं अजून धरते."

दयारामनं मला दोन्ही हातांत घेतलं. एका उरलेल्या लाल चिंधीवरून अंगठा फिरवला. कुरतडलेल्या जागा पाहिल्या. मग वेटोळं नीट करून, लहान पोराला झोपवावं तसं मला पुन्हा खुंटीवर ठेवलं. बाहेर ओट्यावर सत्यभामाबाई बसल्या होत्या. त्यांना ऐकू जाईल असा आवाज चढवून तो म्हणाला,

"दोर राहू द्या, भाऊ. यंदा वाफ्यातूनच रोपासंगं सावा आला आन रांगेत साळीच्या शेजारी लागला. तिथं दोर काय करन? माह्या सुनेचे डोळे चांगले हायेत, पन पाहावं काय, हे तिले कोन सांगते? वहिनीले म्हना, खुरपं राहू द्या घरी, नुसत्या या. गाडी जुपून आनली हाय."